जखमी कामगारांचे कैवारी

कापसाच्या हंगामांत परभणी, सेलू, मानवत या गांवीं जिनिंग कारखान्यावरून जाणाऱ्याला यंत्रांची घरघर दुरूनच ऐकूं येते. अशा यंत्राच्या पट्ट्यांत एखाद्या मजुराचा हात सांपडला, तर त्या हाताचें मोल पूर्वी काय होतें? मालकाला दया आली तर चार रुपये. नाहीं तर घरचा रस्ता! ब्रिटिश हिंदुस्थानांत १८५५ चा एक कायदा होता खरा. पण तो केवळ मृताच्या वारसांसाठीं, आणि मालकाची चूक शाबीत करण्याचा भारहि त्यांच्याच माथीं. अंगठा उठविणाऱ्या विधवेनें तो कसा पेलावा?

हें मोल हक्कानें मिळावें म्हणून जे झटले त्यांत नारायण मल्हार जोशी यांचें स्थान फार वरचें आहे. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवीं ५ जून १८७९ रोजीं त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवी घेऊन त्यांनीं सुमारें आठ वर्षें शाळामास्तरकी केली. १९०९ सालीं ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरले, आणि १९११ सालीं मुंबईस त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. रात्रीच्या शाळा, वाचनालयें, औषधोपचार यांच्या जोडीला गरीब व निरक्षर लोकांना कायद्याचा सल्ला देण्याचें कामहि ही संस्था करी. जोशांपाशीं वकिलीची सनद नव्हती. परंतु ज्याला वकील परवडत नाहीं त्याची बाजू मांडण्याचें काम त्यांनीं जन्मभर केलें.

१९२१ सालीं ते मध्यवर्ती कायदेमंडळांत सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. सरकारनें नेमलेला मनुष्य सरकारचेंच गाणें गाणार, असा लोकांचा साधारण समज. जोशांनीं तो खोटा ठरविला. गिरणी कामगारांच्या बाजूनें ते १९४७ पर्यंत तेथें बोलत राहिले.

१९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलांत आला. जर्मनीनें असा कायदा १८८४ मध्यें आणि इंग्लंडनें १८९७ मध्यें केला होता. आतां मालकाची चूक शाबीत करावयाची नव्हती. काम करतांना अपघात झाला एवढें दाखविलें कीं पुरे. मनुष्य कायमचा निकामी झाल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार, मात्र ३,५०० रुपयांहून अधिक नाहीं. आणि अवयव गेल्यास त्या रकमेचा ठराविक हिस्सा. उजवा हात कोपरापासून गेला तर शेंकडा ७०, डावा गेला तर ६०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर बोट ५. महिना वीस रुपये मिळविणाऱ्या मजुराला उजव्या हाताबद्दल ५८८ रुपये आणि करंगळीबद्दल ४२ रुपये, असा हा हिशेब. डावखुरा मजूर कायदा करणाऱ्यांच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं!

शिवाय दहा दिवसांच्या आंत बरें होणाऱ्या जखमेला कांहींच मिळत नसे. हातावर पोट असणाऱ्याच्या घरांत दहा दिवस चूल कशी पेटावी? जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार मंडळावर १९२९ ते १९३१ पर्यंत जोशी सभासद होते. त्या मंडळाच्या अहवालानंतर १९३३ सालीं कायदा दुरुस्त झाला आणि दहाचे सात दिवस झाले. तीन दिवसांची मजुरी ही बंगल्यांत बसणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. चाळींत ती वाटत नसे.

सगळींच कामें फळास आलीं असें नव्हे. बाळंतीण कामगार स्त्रियांना भत्ता मिळावा म्हणून त्यांनीं १९२४ सालीं आणलेलें विधेयक पुढल्याच वर्षीं फेटाळलें गेलें. मुंबई इलाख्यानें मात्र १९२९ मध्यें तसा कायदा केला.

परभणी जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें ब्रिटिश हद्दींतील जिनमध्यें हात गमावणाऱ्याला जें कायद्यानें मिळे, तें १९२३ च्या त्या कायद्यानें परभणीच्या मजुराला मिळत नव्हतें. यंत्र तेंच, हातहि तसाच. १९४८ सालीं संस्थान भारतांत सामील झालें आणि पुढें ही सरहद्द उरली नाहीं.

जोशी ३० मे १९५५ रोजीं वारले. मुंबईच्या डिलाइल रोडला पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें. त्या भागांत एके काळीं गिरण्यांचे भोंगे वाजत.