मधली भिंत

हर्णे बंदरासमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग तुम्हां सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचा तट, त्याचे दरवाजे, शिवकाळ आणि कान्होजी आंग्रे हे सारं मी नव्याने सांगायला नको. आज बोलायचं आहे सूडाविषयी, आणि सूडाच्या खटल्यात या किल्ल्याइतका जाणता साक्षीदार मिळणार नाही. सूड उगवणारा माणूस हिशेब नेहमी दोघांचाच मांडतो. त्याने माझं एवढं बिघडवलं, मी त्याचं तेवढं बिघडवलं, फिट्टंफाट झाली! पण आपल्याकडे वाटणीच्या घरात काय होतं ते आठवा. भावाभावांची चूल वेगळी होते, दारं वेगळी होतात, पण मधली मातीची भिंत आणि वरचं आढं सामाईकच राहतं. एका भावाने रागाच्या भरात दुसऱ्याच्या पाखावरची कौलं उतरवली, तर मृगाचा पाऊस आधी त्या दुसऱ्याच्या घरात पडेल, हे कबूल. पण पाणी तिथे थांबत नाही. ते मधल्या भिंतीत मुरतं, भिंत फुगते, आढ्याचा लाकूडसांधा कुजतो, आणि श्रावण येईपर्यंत कौलं उतरवणाऱ्याच्या माजघरातही ओल चढते.

1755 साली नेमकं हेच घडलं. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यांच्या मुलखाला उपद्रव देत होता. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. पण त्याला धडा शिकवायला त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्सच्या तोफांनी एप्रिलच्या आरंभी सुवर्णदुर्ग पाडाव झाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेले, आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्लाही धरून ठेवला. तो परत मिळवायला पेशव्यांना बाणकोट कायमचं सोडावं लागलं. तुळाजी कैदेत गेला, म्हणजे सूड पुरा झाला. पण ते आरमार एकट्या तुळाजीचं होतं का? मधली भिंत होती ती! त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना रोखील असं मराठी आरमार पुन्हा उभं राहिलं नाही. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या शूटर्स हिल टेकडीवर 1784 साली एक तिकोनी बुरूज बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचं नाव सुवर्णदुर्गावरूनच ठेवलेलं आहे. भांडण दोघा मराठ्यांचं, आणि विजयाचं स्मारक लंडनला, एवढं ध्यानात ठेवा.

कुणी म्हणेल, हे राजकारण होतं, त्याला सूड कशाला म्हणता? मी म्हणतो, राजकारणात शत्रूला वाकवल्यावर आपल्या हाती काय उरेल, हा प्रश्न आधी विचारतात. जिथे तो विचारायचा राहून जातो, तिथे सूडाचा अंमल सुरू झालेला असतो. पन्नास वर्षांच्या आत हाच धडा पुन्हा गिरवला गेला. 1801 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव होळकर चालून आला, 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, आणि बाजीराव पळत पळत याच सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला. पुढे इंग्रजांच्या जहाजातून तो वसईला उतरला आणि 31 डिसेंबरला तैनाती फौजेच्या तहावर त्याने सही केली. दोन्ही वेळा कौलं शेजारच्या पाखावरची उतरवली, आणि दोन्ही वेळा ओल आपल्याच घरात शिरली.

आता राजेरजवाडे राहू द्या. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या गावांत वाळीत टाकण्याची रीत आहे ना, ती सूडाचीच गावकीने केलेली व्यवस्था आहे. कारण काय, तर निवडणुकीत विरोधात उभा राहिला, दंड भरला नाही, गावकीला न विचारता कोर्टात गेला. मग वाण्याकडे सामान मिळत नाही, प्रेताला खांदा द्यायला कुणी येत नाही. शिमग्यात पालखी घरोघर नाचत येते आणि त्या एका दारासमोर न थांबता पुढे निघून जाते. आत पोरं दाराशी उभी असतात, त्यांचा काय अपराध? ही रीत रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गावकरी विचारतात, मग गावाला शिस्त कशी लावायची? अन्याय गिळायचा का? मुळीच नाही. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण शिक्षा ठरवणारा त्रयस्थ असतो, तिचं माप आधी लिहिलेलं असतं, आणि ती भोगून झाली की माणूस मोकळा होतो. या कायद्यातही पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोडीला जागा ठेवली आहे. वाळीत टाकलेल्याला मात्र आपण कधी सुटणार हे कुणी सांगत नाही. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटून जातं: शिक्षेला मुदत असते, सूडाला नसते.

बंदरावरच्या व्यवहारातही हेच होतं. लिलावात ठरवून एखाद्याच्या मासळीला बोली न लावणं, समुद्रात एकमेकांची जाळी तोडणं, यानेही बंदराची मधली भिंतच भिजते.

जाता जाता गावकीच्या मानकऱ्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्या गावात एखादं दार वगळलेलं असेल, तर येत्या शिमग्याच्या आधी बैठक बोलवा आणि पालखी त्या अंगणात न्या. आणि ज्यांचं दार वगळलं गेलं आहे त्यांनी उलट डाव टाकू नये, सरळ पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्यावी.