बुबुळावरची काच

मायबहिणींनो, जरा पुढे सरकून बसा.

मागच्या खेपेला मी मोतीबिंदूवर बोललो. सभा संपली. तेव्हा एक शेतकरी दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, पोराला चष्मा लागलाय. त्याला तो नको झालाय. शहरात लेझरनं नंबर घालवतात म्हणे. गाय विकून पैसे उभे करीन. पण मला सांगा, डोळा तासल्यावर ती जखम भरती कशी?"

प्रश्न मोलाचा होता. उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. आज सावकाश सांगतो.

घड्याळावर जशी काच असते, तशी आपल्या बुबुळावर एक काच असते. डॉक्टर तिला पारपटल म्हणतात. आपण काचच म्हणू. प्रकाश तिच्यातून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उमटते. काही जणांचा डोळा थोडा लांबट वाढतो. मग चित्र पडद्याच्या अलीकडेच पडते. अशा माणसाला हातातली पोथी नीट दिसते, पण एस.टी.ची पाटी वाचता येत नाही. त्याला मध्ये पातळ आणि कडेला जाड असा चष्मा देतात. लेझरचे डॉक्टर तेच काम डोळ्याच्या काचेवर करतात. तिला मधोमध थोडी पातळ करतात. मग चित्र पडद्यावर पडते.

थोडी म्हणजे किती? वहीचे पाच-सहा कागद एकावर एक ठेवा. काच तेवढीच जाड असते. चार नंबर घालवायचा तर त्यातल्या एका कागदाच्या निम्म्याहून थोडी जास्त जाडी काढतात. हे काम हातातल्या चाकूने कसे व्हावे? ते प्रकाश करतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो भाजत नाही, पातळ थर उडवून लावतो. मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत काम करीत होते. त्यांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी 1981 साली हे ताडून पाहिले. सणाच्या जेवणात उरलेल्या टर्की पक्ष्याचे तुकडे त्यांनी या प्रकाशाखाली धरले. काप स्वच्छ पडला. कडा करपल्या नाहीत. उष्ट्या जेवणातून केवढी विद्या निघाली पाहा!

आता जखमेकडे येऊ. हात कापला की रक्त येते, खपली धरते. डोळ्याच्या काचेत रक्ताची नळीच नाही. असती तर काच अशी स्वच्छ आरपार राहिली नसती. काचेला प्राणवायू हवेतून, आसवांच्या ओलाव्यातून मिळतो.

या काचेवर एक नाजूक साल असते. डोळ्याचा काळा आणि पांढरा भाग जिथे भेटतो, तिथे सालीचे बियाणे असते. शेताच्या बांधावर बी राखून ठेवावे तसे. साल खरवडली गेली की उरलेल्या कडेचे कण आत सरकतात आणि उघडी जागा झाकून टाकतात. मग बांधाकडून नवे कण येत राहतात. तीन ते पाच दिवसांत साल पुन्हा धरते, आणि डाग राहत नाही. डोळ्याला नख ओझरते लागले आणि दोन दिवसांत बरे वाटले, असे तुमच्यापैकी कितीतरी जणांचे झाले असेल. ही त्या सालीची करणी.

पण सालीखालचा थर वेगळा आहे. तो बारीक धाग्यांचा, नीट विणलेल्या कापडासारखा आहे. तो गेला की तसाच पुन्हा येत नाही. मळणीत भाताचे कुसळ खोल रुतले, जखम चिघळली, तर शरीर तिथे ठिगळ लावते. ते ठिगळ पांढरे असते. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडले म्हणतो. (आणि म्हणून सांगतो, अशा वेळी डोळ्यात दूध, मध, तूप काही घालू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

लेझर काम करतो तो या खालच्या थरावर. तो पुन्हा उगवत नाही, म्हणून सहसा गेलेला नंबर परत येत नाही. आणि तो पुन्हा उगवत नाही, म्हणूनच एकदा काढलेले परत लावता येत नाही. दादा, तुमच्या प्रश्नाचा गाभा हा आहे.

मुख्य रीती दोन. पहिलीत वरची साल खरवडतात, लेझर देतात आणि पट्टी म्हणून पातळ भिंग ठेवतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात. कधी काचेवर धुके धरते, म्हणून उन्हाचा चष्मा आणि सांगितलेले थेंब चुकवायचे नाहीत. दुसरीत काचेचा पापुद्रा वहीच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर देतात आणि पान मिटतात. दुखणे कमी. दुसऱ्या दिवशी बहुधा दिसू लागते. पण पापुद्र्याची कड तेवढी सांधते. आतून तो पहिल्यासारखा घट्ट कधीच जुळत नाही. वर्षांनंतरही जोराचा फटका बसला तर तो सरकू शकतो. तालमीत उतरणाऱ्या मुलाला मी पहिली रीतच सांगेन. दोन्ही रीतींत काही महिने डोळे कोरडे वाटतात, कारण काचेतल्या बारीक नसा कापल्या जातात.

अठरा वर्षे पुरी नसतील, तर थांबा. वर्षभर नंबर स्थिर नसेल, तर थांबा. पोटाशी असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही थांबावे. काच मुळातच पातळ किंवा शंकूसारखी पुढे आलेली असेल, तर हे ऑपरेशन करूच नये. यंत्रावर काचेचा नकाशा काढला की ते कळते. सारखे डोळे चोळणाऱ्यांनी हे ध्यानात धरा. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो लेझर केलेल्यालाही लागतो.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, मग तुमच्या नाकावर चष्मा का? मला तो जड होत नाही, म्हणून.

दादांच्या पोराला मी तपासले. वय सतरा. मागच्या वर्षी नंबर दोन होता, यंदा पावणेतीन. म्हणजे डोळा अजून वाढतो आहे. चष्म्याची एक काडी मोडून दोऱ्याने बांधली होती. ती बदलून दिली. गाय गोठ्यातच आहे.