खरखर केव्हां येते?

देवनारहून घाटकोपर–मानखुर्द लिंक रोडनें जातांना मोटारींतून खरखर ऐकूं आली, तर ती कोठून येते यापेक्षां केव्हां येते, हें आधीं पाहावें. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर गंज चढतो. तो दोनचार वेळां ब्रेक दाबतांच घासून जातो. वेगाबरोबर वाढणारी व वळणावर बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. परंतु दर वेळीं ब्रेक दाबतांच लोखंडावर लोखंड घासूं लागलें, तर पॅडचें अस्तर संपलें व मागची पोलादी पट्टी चकती कुरतडीत आहे, असें समजावें. गाडी पुढें दामटूं नये. डाव्याउजव्या चाकांचे पॅड जोडीनेंच बदलावे. अस्तराचा खर्च टाळणाऱ्यास चकतीचा खर्च भरावा लागतो. आणि उतारावर गाडी थांबली नाहीं, तर त्याहून मोठी किंमत.