मुक्त आज्ञावलीचे अर्थकारण



वैशाखाच्या उन्हातून आपण या गोदाकाठी आलात. वाटेत एखाद्या पाणपोईवर थांबलाही असाल. तिथे पिणाऱ्याला पैसा पडत नाही. पण माठ भरणाऱ्याची मजुरी कोणीतरी दिलेलीच असते. आजच्या विषयाचे मर्म हेच आहे. फुकट मिळणारी संगणकाची आज्ञावली विकाऊ आज्ञावलीच्या शेजारी तग धरील काय, आणि धरील तर कोणाच्या पैशावर?

जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता आणि पुन्हा वाटता येते, ती मुक्त आज्ञावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये या विचाराची घोषणा केली. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा जगापुढे ठेवला. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. तेव्हा ‘फुकटचे ते हलके’ हा समज आपण आधी सोडला पाहिजे.

मराठीचाच अनुभव पाहा. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या विकाऊ टंकाचा संकेत निराळा असे. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडावा, तर नुसती अगम्य चिन्हे! मजकूर आपला, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला. युनिकोडच्या सर्वमान्य संकेताने ही कोंडी फुटली. पण त्यालाही अक्षरे हवीत. ‘रेड हॅट’ कंपनीने 2004 मध्ये ‘लोहित’ टंक मुक्त केले, आणि तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी ते सांभाळले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ हा सुबक टंक असाच सर्वांना दिला.

मग यांची चूल पेटते कशी? रेड हॅट प्रत विकत नाही, जबाबदारी विकते. यंत्र अडले तर मदतीला येण्याची हमी ती देते आणि त्याची वर्गणी घेते. हाच धंदा 2019 मध्ये आयबीएमने सुमारे 34 अब्ज डॉलरला विकत घेतला. एक टाइपची मंडळीही व्यावसायिकांसाठी मोबदला घेऊन टंक घडवितात. वस्तू मुक्त, कारागिरी मोलाची, असा हा व्यवहार आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. इंटरनेटवरील गुप्त देवघेव राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा भयंकर दोष सापडला. अर्धे जग जिच्यावर विसंबले होते, तिला देणगी मिळत होती वर्षाला सुमारे 2000 डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस होता एकच! बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी थैली सोडली. जी सेवा डोळ्यांना दिसते तिला गिऱ्हाईक मिळते. पायातल्या दगडाला कोण विचारतो?

विकाऊ आज्ञावली ही काही शत्रू नव्हे. कराचे नियम बदलताच हिशेबाची आज्ञावली तातडीने बदलून देणारा मनुष्य आपला मोबदला मागणारच, आणि तो रास्तच आहे. दोन्ही शेजारी नांदू शकतात. पण मुक्त आज्ञावली केवळ परोपकारावर जगणार नाही.

म्हणून सातपूर-अंबडच्या कारखानदारांना, महाविद्यालयांना आणि छापखान्यांना माझी विनंती आहे. परवान्याचे जे पैसे वाचतात, त्यांतला थोडा वाटा ती आज्ञावली सांभाळणाऱ्यांसाठी काढून ठेवा. पैसा नसेल तर दोष कळवा, दुरुस्तीला हात लावा. ज्या पाणपोईवर आपण रोज तहान भागवितो, तिथला माठ अधूनमधून आपणही भरला पाहिजे.