विट्याच्या हौसाताई



कृष्णाकाठच्या खेड्यांत प्रतिसरकारचं नाव ऐकलं नाही असं माणूस सापडायचं नाही. त्याला कुणी पत्री सरकार म्हणतात, कुणी नुसतं नाना पाटलांचं राज्य म्हणतात. साधारण १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या गावोगावी ते चाललं. या राज्यानं तंटे मिटवले, दारूचे गुत्ते बंद केले, धान्याची वाटणी केली, थोड्या खर्चात गांधी-पद्धतीची लग्नं लावली. त्यातल्या पुरुषांची नावं आज चौकांना आहेत, शाळांना आहेत. मला आज बोलायचं आहे ते त्याच घरातल्या एका बाईबद्दल. क्रांतिसिंह नाना पाटील यांची ही लेक म्हणजे विट्याच्या हौसाताई पाटील. १९२६ साली त्या जन्मल्या आणि २०२१ च्या सप्टेंबरात गेल्या. पंचाण्णव वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं.

मोठ्या बापाची लेक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठा वाडा उभा राहतो. हौसाताईंचं बालपण अगदी उलट गेलं. वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र हे त्यांचं गाव. आई लहानपणीच गेली. वडील तलाठी होते. त्यांनी १९३० साली नोकरीवर पाणी सोडलं आणि चळवळीत उडी घेतली. सरकारनं घरादारावर जप्ती आणली. नाना पाटलांचा पाय घरी ठरेना, म्हणून पोरीला वाढवलं ते आजीनं. सरकारी रोष नको म्हणून गावची माणसंही या घराशी बोलायला बिचकत. अशा वेळी मामानं बैलजोडी आणि गाडी दिली. त्या गाडीनं गूळ, भुईमूग, गहू, जोंधळा यांच्या भाड्याच्या खेपा केल्या आणि चूल पेटती ठेवली. चळवळीचा खर्च असतो तो हा. तो कुठल्या जमाखर्चात लिहिला जात नाही. एका म्हातारीच्या आणि एका पोरीच्या पोटातून तो वळता होतो.

हौसाताईंचं लग्न विट्याच्या भगवानराव मोरे-पाटलांशी झालं. तेही चळवळीतलेच. सासर मिळालं तेही असं की रात्रीबेरात्री दारावर थाप पडायची आणि आलेल्या माणसाला नाव न विचारता भाकरी वाढायची.

आता दोन प्रसंग सांगतो. पहिला १९४३ च्या सुमाराचा, सांगली भागातल्या भवानीनगरचा. तिथल्या पोलीस चौकीतली हत्यारं तुफान सेनेला हवी होती. तुफान सेना म्हणजे प्रतिसरकारचं लढाऊ दल. उघड हल्ला केला तर माणसं मरणार. म्हणून एक सोंग रचलं. चौकीसमोर एक नवरा बायकोला मारतो आहे, मोठा धोंडा उचलून तिला ठार करीन म्हणतो आहे, आणि बायको टाहो फोडते आहे. ही बायको म्हणजे हौसाताई. नवरा म्हणजे त्यांचाच एक साथीदार. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात बाकीच्या मंडळींनी आतली हत्यारं उचलली. हौसाताईंची पुढं कायम एकच तक्रार राहिली. ती अशी की, त्या गड्यानं खोटं खोटं मारायचं सोडून खरंच मारलं. आणि त्याचं म्हणणं असं की, खरं वाटायला नको काय?

दुसरा प्रसंग १९४४ सालचा, गोव्यातला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. तो १९६१ साली संपला. हत्यारं आणायला गेलेले चळवळीतले कार्यकर्ते बाळ जोशी तिथं पकडले गेले. त्यांना सोडवून आणायचं ठरलं. तुफान सेनेचे नेते जी. डी. बापू लाड यांनी हौसाताईंना विचारलं. हौसाताई तेव्हा अठरा वर्षांच्या, पदरात तान्हं मूल. मूल घरी ठेवून त्या गेल्या. तुरुंगात बाळ जोशींची बहीण म्हणून भेटल्या. सुटकेचा बेत लिहिलेला कागद त्यांच्या अंबाड्यात होता. जोशी निसटले. परतताना आगगाडीनं जाण्याची सोय नव्हती, कारण पोलिसांनी बाईचं तोंड पाहिलं होतं. मांडवी नदी ओलांडायची तर होडी मिळेना. तेव्हा मध्यरात्री एका मोठ्या तरंगत्या खोक्यावर हौसाताई पालथ्या पडल्या, बाजूनं साथीदार पोहत राहिले, आणि अशी मांडवी पार झाली. पुढची वाट रानातून, पायी.

या दोन्ही गोष्टी नीट पाहा. भवानीनगरचे पोलीस फसले, कारण नवऱ्याच्या हातचा मार खाणारी बाई ही त्यांना रोज दिसणारी गोष्ट होती. त्यात संशय घेण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. गोव्याच्या तुरुंगातल्या शिपायांना वाटलं, भावासाठी जीव तुटून आलेली एक खेडवळ बाई, तिच्या अंबाड्यात काय असणार! म्हणजे बाईमाणसाकडे लक्ष द्यायचंच नाही, या जगाच्या सवयीचं हौसाताईंनी हत्यार केलं.

पण हेच हत्यार पुढं त्यांच्यावर उलटलं. ज्या सवयीनं पोलिसांना त्या दिसल्या नाहीत, त्याच सवयीनं इतिहास लिहिणारांनाही त्या बराच काळ दिसल्या नाहीत. नाना पाटील लोकसभेत गेले, १९७६ साली वारले, त्यांची चरित्रं निघाली. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना हौसाताईंचं नाव कळलं ते त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर, पत्रकार पी. साईनाथ यांनी विट्याला जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या तेव्हा. साईनाथांचं स्वातंत्र्यसैनिकांवरचं ‘द लास्ट हीरोज’ हे पुस्तक २०२२ साली आलं. त्यात हौसाताई आहेत. पण ते पाहायला त्या राहिल्या नव्हत्या.

आणि त्या शेवटपर्यंत शेतकऱ्याच्याच लेक राहिल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीला गेला, तेव्हा बाण्णव वर्षांच्या या बाईनं विट्याहून निरोप धाडला होता. शेतमालाला नीट भाव द्या, हे तिचं मागणं होतं. गुळाच्या आणि भुईमुगाच्या खेपांवर ज्या घराची चूल पेटली, त्या घरच्या लेकीला भावाचं मोल कुणी शिकवावं लागत नाही.

शिक्षक बंधूंना आणि भगिनींना आता एक विनंती करतो. हौसाताई नशीबवान, त्यांना लिहिणारा भेटला. पण त्या काळी भूमिगतांना भाकरी वाढणाऱ्या, कणगीत कागद दडवणाऱ्या, पोलीस आले की पोर रडवून वेळ काढणाऱ्या बाया किती होत्या याची यादी नाही. १९४३ सालचं ज्यांना आठवतं त्या बाया आज नव्वदीच्या पुढच्या. फार थोड्या उरल्या आहेत. तुमच्या गावात अशी एखादी असली तर मुलांना वही देऊन तिच्याकडे पाठवा. ती नसली तर तिची लेक, तिची सून असेल. तिला विचारा.

मात्र विचारण्याचीही एक रीत आहे. ‘आजी, तुम्ही चळवळीत काय केलंत?’ असं विचाराल तर ती म्हणेल, ‘आम्ही काय केलंय बाबा, भाकऱ्या थापल्या.’ तिथंच वही मिटू नका. किती भाकऱ्या, कुणासाठी, रात्री किती वाजता, पीठ कुठून आणलं, माणसं कुठं निजली, पोलीस दारात आले तेव्हा तुम्ही काय बोललात, असं एकेक विचारा. पोलिसांनी जे पाहिलं नाही ते आपण पाहू या.