मंडळाचे काम आणि मंडळाची मजुरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. एक गोष्ट मनात सलते आहे, ती सांगते आणि बसते.

गेल्या दिवाळीच्या आधी कार्यकारी मंडळाच्या सभेत चकलीच्या भाजणीची मजुरी वाढवण्याचा ठराव आला. सात जणींपैकी पाच जणींनी हात वर केले. त्या पाचांतल्या दोघी भाजणी भाजणाऱ्याच, आणि त्यातला एक हात माझा. दर काही वावगा नव्हता. धान्य धुवायचे, सावलीत वाळवायचे, तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी अशी मंद आंचेवर भाजायची. एक घाणा करपला तर सगळे दळण वाया. ज्या घरी करतात त्यांना हे माहीत आहे.

दोन दिवसांनी मी गिरणीत उभी होते. मागून कोणीतरी म्हणाले, “ठरवणाऱ्याही त्याच आणि घेणाऱ्याही त्याच!” मी वळून पाहिले नाही. डबा घेऊन तांबट आळीतून घरी आले, पण रात्री जेवण गेले नाही.

आधी वाटले, मजुरी सोडावी. पण आमच्या घरी दिवाळीचे कपडे त्याच पैशांत होतात, ते कसे सोडू? मग वाटले, मंडळाची जागा सोडावी. तेही पटेना. मजुरी घेणारीने कार्यकारी मंडळावर येऊच नये असे ठरले, तर तिथे ज्यांचे घर भरलेले आहे त्याच राहतील, आणि जिने कधी कढई धरली नाही ती भाजणीचा दर ठरवील.

मोठ्या माणसांना हा पेच कधी पडला होता का, म्हणून वाचनालयातून चरित्रे आणली. आपल्या पुण्यातच सापडला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली. तिचे आजीव सभासद शिकवीतही आणि संस्थेचा कारभारही पाहत. म्हणजे मालक तेच, चाकर तेच. गोपाळराव गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर वर्षानुवर्षे काढली. अशांना लोभी कोण म्हणेल? तरीही पगार आणि बाहेरची मिळकत यांवरून त्या मंडळींत वाद झालाच. टिळकांचे म्हणणे, सभासदाने सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरून काही मिळवू नये. इतरांना प्रपंचाची ओढाताण दिसत होती. शेवटी १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. एवढ्या थोरांना जे सुटले नाही ते आपल्याला सहज सुटेल, असे मी म्हणत नाही.

दुसरे उदाहरण बायकांचेच आहे. गिरगावात १९५९ साली सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, तेच आजचे लिज्जत. तिथे कारभार पाहणाऱ्या बायका पापड लाटणाऱ्या बहिणींतूनच निवडतात. कोणी नावे ठेवीत नाही, कारण तिथे सगळ्याच घेणाऱ्या. आपल्याकडे तसे नाही. काही घेतात, काही घेत नाहीत, आणि वर्गणी देणाऱ्या शेजारणी बाहेरून बघतात. म्हणून बोलणे होते. खरे सांगायचे तर गिरणीतल्या त्या बाईचे काही चुकले नाही. मी हात वर करायला नको होता.

आपले हिशेब तपासनिसांकडून तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातात. पण कचेरीतला कागद फडके हौदावरच्या बाईला कोण दाखवणार? तेव्हा माझी सूचना अशी. ज्या सभासद मजुरी घेतात त्यांची नावे, काम आणि रक्कम वार्षिक सभेत मोठ्याने वाचावी. माझे नाव पहिले वाचा, मला लाज नाही. दर ठरवताना घेणारीने सभेतून उठावे आणि बाजारात त्या कामाला काय देतात ते विचारून बाकीच्यांनी ठरवावे. मग तो कमी ठरला तरी मी रुसणार नाही. थोडी रुसेन, पण काम सोडणार नाही.

पुढच्या महिन्यात मसाल्याच्या दराचा विषय आहे. तेवढा वेळ मी बाहेर ओट्यावर बसेन. दर ठरला की हाक मारा, मिरच्यांचे पैसे कोणाकडे द्यायचे ते मला विचारायचे आहे.