माळरान पडीक नसते

(वन्यजीव सप्ताहातील व्याख्यानाचा मजकूर)



वाशीम जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. विदर्भातील ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल या चारही राष्ट्रीय उद्यानांच्या सीमा या जिल्ह्याला कोठेच स्पर्श करत नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर आणि कापसाचा म्हणून ओळखला जातो. वाघ पाहण्यासाठी येथे कोणी येत नाही. असे असताना वन्यजीव संरक्षणाचा विचार मांडण्यासाठी वाशीमचीच निवड का करावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एवढेच की, देशाच्या संरक्षण-विचारातून जे निसटले, ते नेमके याच जिल्ह्यात आहे. ते म्हणजे माळरान.

अरण्यापुरता राहिलेला विचार

जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन येथे झाले. भारतातील पहिले उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी हेली या नावाने घोषित झाले. आज ते कॉर्बेट म्हणून सर्वांना परिचित आहे. महाराष्ट्रात हा मान १९५५ साली ताडोबाला मिळाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प हे स्वतंत्र भारताने उचललेले दोन मोठे टप्पे. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश होता, ही विदर्भाला भूषणावह गोष्ट आहे.

या देशाची भूमी एकरूप नाही. लडाखमधील हेमिसचे थंड वाळवंट, जैसलमेरचे तप्त वाळवंट, काझीरंग्याचे पूरमैदान, सुंदरबनाची खारफुटी, केरळातील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित अरण्य, कच्छच्या आखातातील प्रवाळांचे सागरी उद्यान अशी विविध रूपे संरक्षणाखाली आली. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदर येथे १९७६ साली काळविटांसाठी गवताळ मैदानाचेही राष्ट्रीय उद्यान झाले. तथापि असे अपवाद बोटावर मोजण्याइतके. सर्वसाधारण समजूत अशी रुजली की, जेथे दाट झाडी तेथे वन आणि जेथे वन तेथेच वन्यजीव. ज्या भूमीवर झाडे विरळ आणि गवत अधिक, तिला सरकारी दफ्तराने एक शब्द बहाल केला : पडीक.

एका शब्दाने केलेला घात

जी जमीन महसूल देत नाही ती निरुपयोगी, हा हिशेब इंग्रजी राजवटीने घालून दिला. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हिशेब बदलला नाही. विदर्भात गावोगावी असलेली ‘ई-क्लास’ जमीन हे त्याचे उत्तम उदाहरण. गावाच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली ही जमीन. अतिक्रमण करायचे, मुरूम उपसायचा, कचरा टाकायचा किंवा एखादी योजना बसवायची, तर सर्वांत प्रथम तिचीच आठवण होते. वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पूर्ण करायचे असले तरी खड्डे तेथेच खणले जातात. गिरिपुष्पासारखे परदेशी झाड भराभर वाढते, हिरवे दिसते, आकडाही भरून निघतो. पण त्याच्या सावलीत गवत मरते आणि गवताबरोबर त्यावर जगणारे सारे जीवन निघून जाते. हेतू सत्कृत्याचा आणि परिणाम मात्र विनाशाचा, अशी ही शोकांतिका आहे.

वस्तुतः माळरान ही स्वयंपूर्ण सृष्टी आहे. मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांची मुळे जमिनीला घट्ट धरून ठेवतात. पावसाचे पाणी त्यांच्या आधाराने मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. या गवतावर नाकतोडे, त्यांच्यावर चंडोल आणि धाविक, ससे-उंदरांवर खोकड आणि कोल्हा, आणि काळविटांच्या मागे लांडगा अशी साखळी येथे नांदते. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी अशाच माळांवर उतरतात आणि नाकतोडे फस्त करून शेतकऱ्याचे काम विनावेतन करतात. ज्या भूमीसाठी हजारो किलोमीटरवरून पाहुणे येतात, तिला पडीक म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

कारंजा-सोहोळचे काळवीट

सुदैवाने वाशीम जिल्ह्यातील माळरानाचा एक तुकडा या अज्ञानातून वाचला. कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे १८.३२ चौरस किलोमीटर. ताडोबा-मेळघाटच्या तुलनेत ते नगण्य वाटेल. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य तर जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. माळरानाचे जे उरले ते असे तुकड्यातुकड्यांनीच उरले आहे.

काळवीट हा या भूमीचा खरा मानकरी. संस्कृतात तो कृष्णसार. जेथे कृष्णसार मृग स्वाभाविकपणे विहार करतो तो देश यज्ञास योग्य समजावा, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. भूमीच्या पावित्र्याची कसोटी एखाद्या वन्य प्राण्याच्या मुक्त संचारावरून ठरवावी, ही कल्पनाच विलक्षण आहे. काळवीट दाट जंगलात राहत नाही. त्याचे संरक्षण डोळ्यांत आणि वेगात आहे. दूरवरचे दिसेल आणि मोकळे धावता येईल अशी भूमीच त्याला लागते. एकेकाळी त्याचा पाठलाग करणारा चित्ता भारतातून नाहीसा झाला आणि १९५२ साली तशी अधिकृत घोषणा झाली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो आफ्रिकेतून मध्य प्रदेशातील कुनो येथे आणावा लागला. एकदा गमावलेले परत आणण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

तणमोराची घटका

चित्त्याच्या वाटेने जाऊ पाहणारा एक पक्षी आज अकोला-वाशीमच्या माळांवर आहे. त्याचे नाव तणमोर. माळढोकाच्या कुळातील हा भारतातील सर्वांत लहान सदस्य, आकाराने कोंबडीएवढा. पावसाळा हा त्याचा विणीचा हंगाम. या काळात नराचे अंग काळेभोर होते, डोक्यामागे फितीसारखी पिसे येतात आणि मादीला आकृष्ट करण्यासाठी तो गवताच्या वर उसळी घेतो; एकदा नव्हे, दिवसाकाठी शेकडो वेळा. हीच उसळी त्याचा काळ ठरली. शिकाऱ्याला त्याचा ठावठिकाणा शोधावा लागत नसे, तो स्वतःच सांगत असे.

शिकारीचे दिवस गेले, पण गवत उरले नाही. मादी अंडी जमिनीवर घालते. माळ नांगरला गेला, अकाली चराई झाली किंवा शेतात फवारणी झाली की तो हंगाम वाया जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ साली तणमोराचा समावेश अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत केला. नामशेष होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी आहे. वाघासाठी देशभर कळवळा व्यक्त होतो, ते योग्यच आहे. पण तणमोर उद्या दिसेनासा झाला तर त्याच्या नावाने दोन अश्रू ढाळणारेही फार थोडे निघतील.

फासे टाकणारे हात

त्या थोड्यांमध्ये अग्रभागी कोण आहे? ज्यांच्याकडे समाजाने आजवर संशयाने पाहिले ते फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारध्यांच्या कपाळीही तो शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला, कलंक मात्र समाजमनातून गेला नाही. पुढे वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते. पण ज्यांचे पोट फाशावर चालत होते त्यांच्या हाती दुसरे काय द्यावे, याचा विचार त्या वेळी झाला नाही.

पारध्याइतके माळरान कोणाला कळते? कोणत्या गवतात कोणता पक्षी बसतो, पायाचा ठसा किती वेळापूर्वीचा, मादी कोणत्या दिशेने चरायला जाते, हे ज्ञान त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले. अरण्यऋषी म्हणून महाराष्ट्राने गौरविलेले कै. मारुती चितमपल्ली यांनीही वनवासी आणि पारधी यांच्या ज्ञानाचे ऋण वारंवार मान्य केले. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेचे कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्ञान संरक्षणाच्या कामी आणले. तणमोराच्या शोधात आणि नोंदीत फासेपारधी तरुण सहभागी झाले. विणीच्या काळात माळ राखावा, तेथे चराई आवरावी, हा विचार वस्त्यांनी स्वीकारला. ज्या हातांनी फासे टाकले तेच हात राखण करू लागले.

यमगरवाडीत पारधी मुलांच्या शिक्षणासाठी गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे कार्य उभे केले, त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली होती : विश्वास टाकला तर हा समाज विश्वासाला पात्र ठरतो. माळरानावरील अनुभव त्याच सत्याची दुसरी साक्ष आहे. दया म्हणून पारध्याला कामावर घेण्याचा हा प्रश्नच नाही. त्याच्यावाचून हे काम होणारच नाही.

नान्नजचा धडा

केवळ नकाशावर रेघ ओढून काय होते, हे सोलापूरने दाखवून दिले. १९७९ साली नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य झाले. त्याचे घोषित क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील गावे, शेते, बाजारपेठा, सारे त्यात आले. परिणामी लोकांच्या जमिनींचे व्यवहार आणि विकासाची कामे निर्बंधांत अडकली आणि माळढोक हा पक्षी त्यांच्या डोळ्यांपुढे अडचण म्हणून उभा राहिला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान माळढोक मात्र दर्शनासही दुर्मीळ झाला. क्षेत्र प्रचंड होते, कायदा कठोर होता, परंतु समाज बरोबर नव्हता. समाजाला वगळून केलेले संरक्षण कागदावर राहते, हा या कथेचा बोध.

शेतकऱ्याचे दुःख

म्हणूनच शेतकऱ्याची बाजू डोळ्याआड करून चालणार नाही. पेरलेले सोयाबीन उगवले न उगवले तोच काळविटांचा कळप शिरतो. रोही तूर मोडतात, रानडुकरे एका रात्रीत शेत उकरतात. आधीच पावसाच्या लहरीवर आणि बाजारभावावर अवलंबून असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला रात्रभर जागल करावी लागते. भरपाईची तरतूद आहे. पण अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांत अनेकांचा धीर सुटतो. शहरात बसून त्याला भूतदयेचा उपदेश करणे सोपे आहे. काळवीट साऱ्या राष्ट्राचे धन असेल तर त्याच्या चाऱ्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा? भरपाई वेळेवर मिळणे, शेतांना सामूहिक कुंपणासाठी साहाय्य मिळणे आणि गावाजवळचा माळ गवताने समृद्ध राहणे या तीन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. माळावर चारा असेल तर शेतावरील भार हलका होतो आणि गावाची गुरेही जगतात.

वाटा आणि पाणी

आणखी दोन बाबींचा उल्लेख आवश्यक आहे. पहिली वाटांची. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात गळपट्टा लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला तो तेलंगणाचा काही भाग आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्हे ओलांडून, सुमारे तीन हजार किलोमीटर भ्रमंती करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दोन अभयारण्यांमध्ये पसरलेल्या या शेतीबहुल टापूत नाले, टेकड्या आणि माळ हेच त्याच्या चालण्याचे मार्ग. आता नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याचा पहिला टप्पा आणि २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. प्राण्यांसाठी त्यावर भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, ही समाधानाची गोष्ट. पण भुयाराच्या दोन्ही तोंडांशी झुडूप आणि गवत राहिले तरच प्राणी तिकडे वळतील. तेथे हॉटेले आणि भूखंड उभे राहिले तर ते बांधकाम व्यर्थ जाईल.

दुसरी बाब पाण्याची. काटेपूर्णा नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते. तिच्या खोऱ्यातील काटेपूर्णा अभयारण्य १९८८ साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर असून ते अकोला आणि वाशीम अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. महान येथील ज्या धरणातून अकोला शहराला पिण्याचे पाणी मिळते, ते याच नदीवरचे. अभयारण्याने जनावरांशिवाय कोणाचे भले होते, असे विचारणाऱ्या अकोलेकराने नळ उघडून पाहावा.

कर्तव्याची दिशा

वाशीमला राष्ट्रीय उद्यान मिळावे, ही मागणी करण्याचे कारण नाही. या जिल्ह्याने देशाला दुसरे काही द्यावे : माळरान जपण्याची रीत. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या ई-क्लास जमिनीची मोजणी मागावी आणि तिचा एक भाग गवतासाठी राखावा. पावसाळ्यात तो बंद ठेवावा आणि बियाणे गळून पडल्यानंतर कापणी करावी. माळावर झाडे लावण्याआधी तेथे काय उगवते, हे पारध्याला आणि गुराख्याला विचारावे. शाळांनी विद्यार्थ्यांना ताडोब्याला अवश्य न्यावे. पण त्याआधी कारंजा-सोहोळला न्यावे. शासनाने माळरानाची नोंद पडीक म्हणून न करता माळरान म्हणून करावी.

यांपैकी कशालाही कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती दृष्टी. पुढील पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या एखाद्या माळावर तणमोर गवताच्या वर उसळी घेईल की नाही, याचा निर्णय दिल्ली-मुंबईत होणार नाही. तो त्या गावाच्या चावडीवर, त्या माळाच्या बांधावर व्हायचा आहे.